सराटे, काळी माती आणि लेकराची सायकल

मराठवाड्यात कुठल्याही गावी जा, जिन्याखाली नाहीतर गोठ्याच्या भिंतीला टेकलेली लहान मुलाची एक सायकल सापडतेच. दोन्ही टायर बसलेले, चेन गंजून लाल, एक पायडल गायब. घरचे सांगतात, लेकराची हौस फिटली. हौस सहसा फिटलेली नसते. सायकल मापापेक्षा मोठी घेतलेली असते, डावी क्रँक, म्हणजे पायडल जिला बसवतात ती पट्टी, ढिली पडून तिचं भोक खराब झालेलं असतं, किंवा दिवाळीनंतर सराट्याच्या काट्यांची लागोपाठ पंक्चरं काढून बाप वैतागलेला असतो. तिन्ही गोष्टी टाळता येतात, आणि त्यातल्या दोन तर घरच्या घरी.

आधी थोडं जुनं. खेड्यात लहान मुलाची वेगळी सायकल हा प्रकार फारसा नव्हताच. घरात एकच सायकल, तीही मोठ्या माणसाची: काळी, २२ इंची, सळईच्या ब्रेकची, मागे जाड कॅरिअर. २२ इंच हे फ्रेमचं माप. चाक २८ इंची. वजन २० किलोच्या आसपास. मास्तर जिच्यावर शाळेला जायचे, दूधवाला जिला दोन्हीकडे कॅन टांगून तालुका गाठायचा, तीच सायकल संध्याकाळी पोरांच्या हाती पडायची. सीट पोरांच्या छातीला लागायचं. मग वरून बसायचा प्रश्नच नव्हता. सीट आणि हँडलमधल्या नळीखालून पाय घालून कैची मारायची.

कैचीला पायऱ्या होत्या. पहिल्यांदा सायकल नुसती हातात धरून ढकलत फिरवायची. हँडल किती वळवलं की ती अंगावर येते आणि किती वळवलं की पलीकडे पडायला बघते, हे इथेच हाताला कळतं. मग लंगडी: डावा पाय डाव्या पायडलवर, उजव्यानं जमीन रेटायची. लंगडीवर दहा-पंधरा हात सरळ जाता आलं की उजवा पाय फ्रेमच्या त्रिकोणातून पलीकडच्या पायडलवर. डावा हात हँडलला, उजव्या हातानं नळी पकडलेली, नाहीतर सीट काखेत. सुरुवातीला हाफ पायडल: पायडल अर्धं दाबायचं, उलटं वर आणायचं, पुन्हा दाबायचं. मागे फ्रीव्हील असल्यामुळे उलट फिरवताना चाक अडत नाही, नुसतं कटकट वाजतं. पूर्ण फेरा जमला की फुल कैची. पोर डावीकडे लटकलेलं, सायकल उजवीकडे कललेली. दोघांचं मिळून वजन चाकांच्या रेषेवर येतं म्हणून ती पडत नाही. त्यानंतर नळीवरून, आणि पाय पुरायला लागले की सीटवर. चेनकव्हर नसलेल्या सायकलीनं उजव्या पायाचा पायजमा खाल्ला नाही असं पोर विरळा.

या क्रमात एक शहाणपण होतं. तोल आधी, पायडल नंतर. आज लहान सायकलीला दोन्ही बाजूंनी आधाराची छोटी चाकं लावून देतात, त्यात हे उलटं होतं. मूल पायडल मारायला शिकतं, पण तोल शिकत नाही. वर वळताना सायकल कलतच नसल्यामुळे चुकीची सवय लागते, आणि ती चाकं काढली की पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा दोन्ही पायडल काढून ठेवा. सीट इतकं खाली घ्या की दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतील. अगदी हलक्या उताराची, खडी नसलेली जागा निवडा. शाळेचं मैदान किंवा खळ्याची टणक जमीन उत्तम. पायानं रेटत जायचं, पाय उचलून धरायचे. पाच-सहा मीटर पाय न टेकता जाता आलं की पायडल परत लावा. धरायचंच असेल तर मुलाला खांद्याला धरा, हँडलला किंवा सीटला नाही. हँडल दुसऱ्यानं धरलं की तोल धरणाऱ्याचा राहतो.

पायडल काढताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. उजवं पायडल नेहमीसारखं डावीकडे फिरवून सुटतं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे फिरवून सुटतं. पायडलच्या दांड्यावर बहुतेक वेळा एल आणि आर कोरलेलं असतं. हे माहीत नसताना जोर लावला की क्रँकचे आटे जातात, आणि मग पायडल नवं आणून उपयोग नाही, क्रँकच बदलावी लागते.

तालुक्याच्या गावी तासावर भाड्याच्या सायकली मिळायच्या. वहीत नाव आणि वेळ, पंक्चर झालं तर गिऱ्हाइकाच्या माथी. नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला लावायला द्यायच्या. रात्री दिवा लागायचा, म्हणून मागच्या टायरला घासून चालणारा डायनमो. तो लावला की सायकल जड व्हायची आणि चढावर वेग उतरला की नेमका तेव्हाच उजेड मंद व्हायचा.

या सगळ्या सायकली देशातच बनत होत्या. मद्रासला १९४९ साली मुरुगप्पा समूहानं ब्रिटनच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या भागीदारीत कारखाना काढला, हर्क्युलिस आणि बीएसए तिथल्या. सोनीपतची अॅटलास १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. अॅटलासनं साहिबाबादचा शेवटचा मोठा कारखाना ३ जून २०२० ला बंद केला, आणि ३ जून हा जागतिक सायकल दिन. असा योग कुणी मुद्दाम जुळवला नसता. आजही सायकली बनवण्यात चीननंतर भारताचाच क्रमांक लागतो आणि लुधियाना हेच त्याचं मुख्य ठिकाण आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती आणि २१ टक्के घरांत मोटारसायकल किंवा स्कूटर. आपल्याकडे शेतातल्या घरालाही आता फटफटी असते, सायकल मोठ्यांच्या हातून सुटून मुलांकडे आली. त्यामुळे दुकानं बदलली. २२ इंचीचे कप, छर्रे, कॉटर (क्रँक एक्सलला धरून ठेवणारी खीळ) डोळे मिटून बसवणारे मिस्त्री म्हातारे झाले, आणि गिअरवाल्या सायकली विकणाऱ्याला बऱ्याचदा गिअर लावता येत नाहीत.

आता माप. चाकाच्या इंचावर सायकल विकली जाते, म्हणून तेच धरून बोलू. ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १२ इंची, ५ ते ७ ला १६ इंची, ७ ते १० ला २० इंची, १० ते १३ ला २४ इंची, पुढे २६. पण वयापेक्षा उंची बघा, आणि उंचीपेक्षाही दुकानात मुलाला वर बसवून बघा. सीट सगळ्यात खाली असताना दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकलेच पाहिजेत, आणि नळीवरून पाय टाकून उभं राहिल्यावर मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर हवं. "अंगाला येईल पुढच्या वर्षी" म्हणून एक माप मोठी घ्यायची सवय शाळेच्या गणवेशाला चालते. सायकलीला नाही. मोठ्या सायकलीवरच्या मुलाला थांबताना पाय टेकता येत नाही, ते दोनदा पडतं, तिसऱ्यांदा वर चढत नाही.

ब्रेकच्या मुठीपर्यंत मुलाची बोटं पोचतात का हेही तिथेच पाहा. मुठीच्या मुळाशी एक छोटा स्क्रू असतो. तो आत घेतला की मूठ हँडलजवळ येते. फार कमी दुकानदार हे करून देतात. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवी मूठ पुढच्या चाकाची असते. उतारावर घाबरून मूल नुसती उजवी आवळतं आणि पुढे फेकलं जातं. दोन्ही एकदम, डावी थोडी आधी, हे पहिल्या दिवशी शिकवायचं.

गिअर नको. निदान २४ इंचीपर्यंत तरी नको. लातूर, परभणी, नांदेडकडचा बहुतेक भाग सपाट. बालाघाटाच्या चढ-उतारावर, अंबाजोगाईच्या घाटाकडे राहणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. स्वस्तातल्या गिअरवाल्या सायकलीचा मागचा डेरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, लोंबता असतो, आणि सायकल उजव्या अंगावर पडली की तो आत वाकतो. मग सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन नेली की डेरेलर आऱ्यांत घुसतो. आरे तुटतात, चाक अडकतं, कधी डेरेलरच मोडतो. डबल सस्पेन्शनही तसंच. दिसायला भारी, पण स्प्रिंगा मुलाचा जोर खातात आणि वजन जुन्या २२ इंचीच्या जवळ नेतात. साधी, एकाच चक्राची, मडगार्ड आणि चेनकव्हर असलेली सायकल घ्या.

टायर-ट्यूब आणायला जाताना नुसतं "२६ ची द्या" म्हणू नका. २६ × १⅜ आणि २६ × १.७५ ही दोन्ही "२६" असली तरी पहिल्याची रिम ५९० मिलिमीटरची, दुसऱ्याची ५५९ ची. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या अंगावर ३७-५९०, ४७-५५९ असा आकडा उठवलेला असतो. जुन्या २८ × १½ ला ४०-६३५. तो आकडा लिहून न्यावा, वाद मिटतो.

खोक्यात आलेली किंवा घाईत जोडलेली सायकल घरी आल्यावर तीन गोष्टी तपासा. पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, उलटा बसवलेला नाही ना. त्याचा बाक पुढच्या बाजूला असला पाहिजे. हे हसण्यासारखं वाटतं, पण उलट्या चिमट्याच्या सायकली सर्रास फिरताना दिसतात, आणि मग मुलाचा पाय वळणावर पुढच्या चाकाला लागतो. दुसरं, हँडलच्या दांड्यावरची कमाल उंचीची रेघ आत लपलेली पाहिजे. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट क्रँक. नवी सायकल चालायला लागली की पहिल्या आठवड्यात क्रँक एक्सलवर थोडी बसते आणि तिचा नट ढिला पडतो. डावी बाजू जास्त. पायडल मारताना दर फेऱ्याला "टक्" असा आवाज यायला लागला की समजा. त्याच दिवशी १४ किंवा १५ नंबरच्या बॉक्स पान्यानं नट पूर्ण जोरानं आवळला तर काम संपतं. तसंच चालवलं तर पोलादी एक्सल क्रँकचं चौकोनी भोक खाऊन गोल करतो, आणि मग कितीही आवळा, दोन दिवसांत पुन्हा ढिली. जुन्या सायकलींत हेच काम कॉटर करायची. तिथे दोन्ही बाजूंच्या कॉटर एकमेकींच्या उलट दिशेनं बसवायच्या, नाहीतर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत.

सराट्याकडे येऊ, कारण आपल्याकडची निम्मी सायकलदारी त्याच्यापाशी अडते. पावसाळ्यात बांधाला, वाटेच्या कडेला, मैदानात पिवळ्या बारीक फुलांचा जमिनीवर पसरणारा वेल दिसतो तो सराटा. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात, आणि बहुतेक प्रत्येकाला दोन लांब, दोन आखूड काटे. जमिनीवर कसाही पडला तरी एक काटा वर. म्हणून दिवाळी ते होळी हा पंक्चरांचा हंगाम. वेड्या बाभळीचा काटा वर्षभर असतो, पण तो लांब असल्यामुळे टायरात मोडलेला दिसतो. सराटा बारीक छिद्र पाडतो आणि हवा रात्रभरात हळूहळू जाते.

टायरात सराटा दिसला तर लगेच उपटू नका. तो छिद्र बुजवून बसलेला असतो. घरी किंवा दुकानापर्यंत पोचा, मग काढा. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करायची. पंक्चरला चाक काढायची गरज नसते. व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडा, टायरची एक बाजू व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून उचलायला सुरुवात करा. उचलायला पेचकस वापरला की ट्यूबला दुसरं भोक पडतं. प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात त्या घ्या. ट्यूब बाहेर काढून भरपूर फुगवा आणि पाण्याच्या घमेल्यातून थोडी थोडी फिरवा. एक बुडबुडा सापडला म्हणून थांबू नका. सराट्याला काटे चार, त्यामुळे चार बोटांच्या अंतरात दुसरं छिद्र असायची दाट शक्यता असते. "काल काढलेलं पंक्चर आज पुन्हा झालं" ही तक्रार बहुतेक वेळा या दुसऱ्या छिद्राची असते, नाहीतर टायरात राहिलेल्या काट्याच्या टोकाची. टायर आतून तपासताना बोट फिरवू नका, कापसाचा बोळा किंवा जुनं फडकं फिरवा. काटा असेल तिथे धागा अडकतो.

छिद्र ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला सापडलं तर सराट्याला दोष देऊ नका. रिमवरची पट्टी सरकलेली असते आणि आऱ्याचं टोक ट्यूबला टोचत असतं. तिथे पॅच लावून उपयोग नाही, आधी पट्टी बसवा.

पॅचची जागा कोरडी करून पॉलिश पेपरनं घासायची, पॅचपेक्षा थोडी मोठी. चकाकी जाऊन रबर भुरकट दिसलं पाहिजे. सुलोचन, म्हणजे पंक्चरचं सोल्युशन, पातळ पसरवा. मग थांबा, चार-पाच मिनिटं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत. घाईत ओल्या सुलोचनावर पॅच ठेवला की तो दोन दिवसांत कडेनं सुटतो, उन्हाळ्यात तर एका दुपारीत. पॅच ठेवून मधून कडेकडे दाबत न्या, लाकडावर ठेवून हातोडीनं हलके ठोका आणि वर टाल्कम पावडर लावा, म्हणजे टायरला चिकटणार नाही. ट्यूब आत घालताना थोडी हवा भरलेली असावी, पीळ पडत नाही. टायर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं बसवत आणून व्हॉल्व्हपाशी संपवा, आणि शेवटी व्हॉल्व्ह वर ढकलून पुन्हा ओढून घ्या.

सराट्यांच्या वाटेवर रोज जाणाऱ्या सायकलीला जुन्या ट्यूबचं अस्तर घाला. रद्दी ट्यूब लांबीतून चिरायची, व्हॉल्व्हचा भाग कापून टाकायचा आणि टायर व ट्यूबच्या मध्ये पसरायची. कापलेल्या कडा पॉलिश पेपरनं पातळ केल्या नाहीत तर त्याच घासून पंक्चर करतात. सायकल किंचित जड चालते. ट्यूबमध्ये भरायचं लिक्विडही चालतं, पण जुन्या पद्धतीच्या वालट्यूबच्या व्हॉल्व्हमध्ये ते गोठून बसतं; मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असेल तरच भरा.

वालट्यूबवरून आठवलं: पंक्चर नसताना हवा जात असेल तर आधी ती बदला. पिनेवरची ती इंचभर रबरी नळी उन्हानं कडक होऊन चिरते. पाण्यात व्हॉल्व्हचं तोंड बुडवा, बुडबुडे आले की झालं.

उन्हात ठेवली की टायर फुटतो, असं सगळेच म्हणतात. हिशोब करून पाहा. सकाळी २५ अंशाला ४५ पौंड हवा भरली आणि दुपारी टायर ६० अंशांपर्यंत तापला, तरी दाब ५२ पौंडांच्या आसपास जातो. धडक्या टायरला तेवढ्यानं काही होत नाही. फुटतो तो आधीच चिरलेला टायर, रिमवर नीट न बसलेली कड, किंवा मोटारसायकलच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरनं दोन सेकंदांत अंदाजे भरलेली हवा. लहान सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी; कॉम्प्रेसरचा एक फुंकर जास्त होतो. हातपंपानं भरा. टायरच्या अंगावर दाब छापलेला असतो. उन्हाचं खरं नुकसान हळू होतं: रबर वाळतं, पॅचची कड सुटते, आणि बसलेल्या टायरवर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या सायकलीचा टायर रिमच्या कडेला चिरतो. म्हणून बंद सायकलीतही हवा ठेवा.

पावसाळ्यात काळी माती. ओल्या चिकणमातीत सायकल शंभर पावलं नेली की मडगार्ड आणि टायरच्या मधे चिखल ठासून चाक जाम होतं. काडीनं उकरत बसण्यापेक्षा वाट सोडून गवतावरून न्या. चिखल वाळण्याआधी धुवा, पण पाण्याचा जोराचा फवारा हबवर आणि मधल्या एक्सलवर मारू नका, ग्रीस निघून छर्रे गंजतात. चेन फडक्यानं पुसून, मशिनचं तेल कडीकडीवर एक थेंब, आणि जास्तीचं पुन्हा पुसून घ्या. गोडं तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. लोखंडी रिम ओली असताना ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, हे मुलांना एकदा रिकाम्या रस्त्यावर करून दाखवावं.

मागे कॅरिअरवर लहान भावंडाला बसवत असाल तर दोन्ही बाजूंना आऱ्यांवर जाळी आणि पाय ठेवायला फुटरेस्ट लावल्याशिवाय बसवू नका. लोंबता पाय फिरत्या चाकात जातो आणि टाच सोलून निघते, कधी हाडही मोडतं. ओढणीही त्याच वाटेनं जाते.

हे शाळेच्या मुलींच्या सायकलींना जास्त लागू. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, शाळा ५ किलोमीटरच्या आत असेल तर, सायकलीसाठी अनुदान मिळतं. पैसे बँकेच्या खात्यावर येतात आणि सायकल आपण घ्यायची असते. त्यामुळे दुकानदारानं पुढे केली ती घेण्याचं कारण नाही. खाली वाकलेल्या नळीची फ्रेम, जाळी, पूर्ण चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड आणि कुलूप एवढं मागून घ्या; दप्तर पाठीवर न घेता कॅरिअरला बांधलं तर तोल चांगला राहतो. चेन बोटानं दाबून पाहा, एक ते दीड सेंटिमीटर खाली-वर व्हावी. जास्त सैल असेल तर उतरते, ताठ असेल तर जड चालते. चाक फिरवून ब्रेकच्या रबरापासून रिमचं अंतर पाहा, डुलत असेल तर दुकानातच आऊट काढून, म्हणजे आरे आवळून चाक सरळ करून घ्या. आणि आठवड्यानं क्रँकचा नट पुन्हा आवळायचा आहे, तो कधी आवळून देणार हे पैसे देण्याआधी विचारा.